मींड अडत होती: इलेक्ट्रिक गिटारचे फ्रेट वादकाच्या हाताप्रमाणे बसवण्याचं एक प्रकरण

या प्रकरणातल्या वादकाचं नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. लेखात त्यांना वसंतमामा म्हटलं आहे. मोजमापं मात्र कामाच्या वहीत लिहून ठेवली तशीच दिली आहेत, कारण या प्रकरणात सगळा निर्णय पाव-अर्ध्या मिलिमीटरवर फिरत होता.

## पार्श्वभूमी

वसंतमामा बेळगावच्या उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये टर्नर आहेत. पन्नाशी ओलांडली आहे. दिवसा लेथ आणि संध्याकाळी ऑर्केस्ट्राची तालीम, असं त्यांचं अर्धं आयुष्य गेलं. गणपतीत आणि वैशाखातल्या शिवजयंतीला गल्लीगल्लीत कार्यक्रम असतात. लग्नसराईत खानापूरपासून निपाणीपर्यंत फिरणं होतं. एकाच रात्रीत हिंदी, मराठी, कन्नड तिन्ही भाषांची गाणी वाजवावी लागतात आणि लीडचे तुकडे त्यांच्याकडे असतात.

गेल्या काही वर्षांत त्यांचं मन नाट्यपदं आणि निर्गुणी भजनांकडे वळलं. कुमार गंधर्वांचा जन्म १९२४ साली सुळेभावीचा, म्हणजे बेळगावच्या अगदी अंगणातला. त्या गायकीतल्या छोट्या, धारदार मींडी गिटारवर काढायच्या हा मामांचा ध्यास. गिटारच्या दांड्यावर आडव्या बसवलेल्या धातूच्या पट्ट्यांनी, म्हणजे फ्रेटनी, सप्तकाचे बारा सारखे भाग पडलेले असतात. त्यांच्या मधल्या जागा हव्या असतील, तर फ्रेटवर दाबलेली तार आडवी ढकलून सूर वर न्यावा लागतो. गिटारवाले याला बेंड म्हणतात, मामा मींडच म्हणतात. ब्रिजभूषण काब्रांनी गिटार आडवी ठेवून, तारेवर सळई फिरवून हिंदुस्तानी संगीत वाजवलं. तो रस्ता मामांना ठाऊक होता, पण ऑर्केस्ट्रात उभं राहून कॉर्ड वाजवायची असल्याने त्यांच्या उपयोगाचा नव्हता.

त्यांची गिटार स्ट्रॅटोकास्टर पद्धतीची, म्हापशाहून जुनी घेतलेली. तारेची खुली लांबी ६४८ मिमी, २१ फ्रेट, शिसवीचा फ्रेटबोर्ड, म्हणजे फ्रेट ज्यात बसतात तो लाकडाचा थर. बोर्डाची गोलाई जुन्या पद्धतीची, म्हणजे ७.२५ इंच त्रिज्येची. आजच्या बऱ्याच गिटारी ९.५ किंवा १२ इंचांच्या, म्हणजे जास्त सपाट असतात. नेकच्या, म्हणजे दांड्याच्या, मागच्या बाजूचा घडीव आकार मामांच्या तळव्यात असा बसला होता की दुसरी गिटार हातात दिली तर ते दोन मिनिटांत परत करत.

आणखी एक गोष्ट नोंदवायला हवी. त्यांच्या डाव्या अनामिकेला पूर्वी कामावर इजा झाली होती. त्या बोटाचं वरचं पेर पूर्ण वाकत नाही. पण पकड लेथवाल्याची, जबरदस्त.

## अडचण

पावसाळ्याच्या सुरुवातीला ते गिटार घेऊन माझ्याकडे दुरुस्तीला आले. म्हणाले, "मी एक सांगूलोय, नीट ऐक. बाराच्या वर पहिली तार ढकलली की सूर मधेच मरूलाय. खाली बरोबर हाय. म्हणून मीच तारा उचलून घेतल्या, तर आता हे बोट रात्रभर ठणकूलंय."

दोन्ही तक्रारी खऱ्या होत्या आणि एकमेकींच्या विरुद्ध होत्या. तारा फ्रेटजवळ आणल्या की बोटाला आराम पडतो, पण ढकललेली तार पुढच्या फ्रेटला टेकून सूर गुदमरतो. उंच केल्या की मींड मोकळी होते आणि बोट मरतं. मामांनी सॅडलचे, म्हणजे ब्रिजवर तारा ज्यांच्यावर टेकतात त्या तुकड्यांचे, स्क्रू फिरवून बाराव्या फ्रेटवर पहिल्या तारेची उंची २.६ मिमीपर्यंत नेली होती. अशा गिटारला १.६ मिमी ही नेहमीची उंची, म्हणजे पुरा एक मिलिमीटर जास्त.

तिसरी गोष्ट त्यांनी सांगितली नाही, ती वाजवताना कळली. खालच्या फ्रेटवर दुसऱ्या-तिसऱ्या तारेला बारीक झणझण होती. पूर्वी एका ठिकाणी त्यांनी फ्रेट घासून घेतले होते. घासून पातळी सारखी केली होती, पण माथे परत गोल केले नव्हते. चपट्या माथ्यावर तार एका रेषेवर टेकायच्या ऐवजी दीड-दोन मिलिमीटरच्या पट्टीवर टेकते. सतारीच्या घोडीवर अशीच रुंद, हलक्या उताराची जागा मुद्दाम घडवतात आणि त्यातून जवारी बोलते. फ्रेटवर तीच गोष्ट घातक ठरते. सूर कुठून सुरू होतो तेच नक्की राहत नाही, आणि प्रत्येक फ्रेट आपल्या मनाने थोडा चढा-उतरा वाजतो.

## आधी हात, मग गिटार

अशा कामात पहिला मोह असतो पट्टी लावून उंच फ्रेट शोधायचा आणि कानस हातात घ्यायचा. इथे तसं केलं नाही. आधी मामांना वाजवायला बसवलं, फोनवर चित्रण केलं आणि शेजारी ट्यूनर ठेवला.

त्यातून तीन गोष्टी दिसल्या. त्यांचा लीड बहुतेक सातव्या ते सतराव्या फ्रेटच्या मध्येच फिरतो. मींड पहिल्या-दुसऱ्या तारेवर, तार बोर्डाच्या मध्याकडे ढकलून घेतली जाते. एक पूर्ण स्वर सर्रास, कधीकधी दीड. तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची निघाली. ते तार गरजेपेक्षा कितीतरी जास्त दाबतात. खालच्या कॉर्डमध्ये तिसरी तार दुसऱ्या फ्रेटवर ट्यूनरला दहा सेंटांच्या आसपास चढी दिसत होती, म्हणजे अर्ध्या स्वराचा एक दशांश. फ्रेट झिजून बुटके झाल्यावरही एवढी. उंच तारांची सवय लागलेला हात असाच दाबतो.

मग गिटार. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावून, शेवटच्या फ्रेटवर तार दाबून, आठव्या फ्रेटवरची फट फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पात्यांनी) पाहिली तर अर्धा मिलिमीटर. पाव मिलिमीटर पुरते. पावसाळी हवेत नेकने पोट आत घेतलं होतं. खालच्या फ्रेटची उंची ०.७ ते ०.८ मिमीच उरली होती आणि दुसऱ्या, तिसऱ्या, पाचव्या फ्रेटवर तारांनी खाचा पाडल्या होत्या. छोटी पट्टी तीन-तीन फ्रेटवर टेकवत वर गेलो, तर चौदाव्याच्या पुढे ती डुलायला लागली. नेक जिथे स्क्रूने बॉडीला बसतो, त्या भागात बोर्डाला उंचवटा आला होता. जुन्या स्क्रूच्या नेकवर हे नेहमी सापडतं.

मींड का मरते याचा हिशेब मामांना कागदावर करून दाखवला, कारण त्यांना आकडे दिल्याशिवाय पटत नाही. बाराव्या फ्रेटपाशी पहिली तार बोर्डाच्या मध्यापासून साधारण २२ मिमीवर असते. ७.२५ इंच गोलाईच्या बोर्डावर ती जागा मध्यापेक्षा १.३ मिमी खाली असते. ९.५ इंचांच्या बोर्डावर १ मिमी, १२ इंचांच्या बोर्डावर ०.८ मिमी. तार मध्याकडे ढकलली की ती या चढावर चढते, पण ब्रिजकडचं तिचं टोक कडेच्या सॅडलवर खालीच राहतं. म्हणजे ढकलेल तसतशी तिच्याखालची फट कमी होते. त्यात पुढे चौदा-सोळाचा उंचवटा आडवा. सूर तिथेच संपणार.

मामा म्हणाले, "म्हंजे सरफेस प्लेटवर ब्लू मारून बघितल्यासारखंच की. हाय स्पॉट कुठं हाय ते कळलं पाहिजे." अगदी तसंच. फ्रेटवर मार्करची शाई लावून वरून सपाट पट्टी फिरवली की उंच जागांवरची शाई आधी जाते. आयुष्यभर ब्लू लावून धातू खरवडलेल्या माणसाला हे शिकवावं लागलं नाही.

## पर्याय

नुसतं सेटअप करून देणं सगळ्यात स्वस्त होतं. ट्रस रॉड (नेकच्या आतली, त्याचा बाक कमी-जास्त करणारी सळई) कसायचा, तारांची उंची मधे कुठेतरी ठेवायची. पण त्याने उंचवटा जात नाही, माथे गोल होत नाहीत, मींड निम्मीच सुधारते.

आहेत तेच फ्रेट पुन्हा घासून, माथे गोल करून द्यावेत हा दुसरा पर्याय. खाचा निघेपर्यंत घासलं असतं तर खालचे फ्रेट अर्ध्या मिलिमीटरवर आले असते. इतक्या बुटक्या फ्रेटवर बोटाचं टोक लाकडाला घासतं, तारेच्या बाजूला पकड मिळत नाही आणि मींड घेताना तार बोटाखालून निसटते. ज्याला मींडच हवी त्याच्यासाठी हा रस्ता बंद होता.

नवीन नेक बसवणं तांत्रिकदृष्ट्या सोपं, चार स्क्रूंचं काम. सपाट बोर्ड आणि उंच फ्रेट तयार मिळतात. मामांनी ऐकूनच मान हलवली. हा आकार जाणार असेल तर गिटार विकतो म्हणाले. वादकाचा तळवा ज्या लाकडाला ओळखतो ते बदलायचं नाही, हे मला मान्यच होतं.

फ्रेटच्या मधलं लाकूड खोलगट कोरून घेण्याची सूचना ऑर्केस्ट्रातल्या एका पोराने केली होती. जोरात दाबणाऱ्या हाताला ते विष आहे. बोटाखाली लाकूडच नसलं की तार दाबेल तेवढी खाली जाते आणि सूर चढतो.

राहिला पाचवा रस्ता, जुने फ्रेट काढून नवे बसवणं. इथे खरे प्रश्न सुरू झाले, कारण नवे म्हणजे कोणते, आणि बोर्डाच्या गोलाईला हात लावायचा का.

उंचीचा प्रश्न आधी घेतला. सतारीचे पडदे उंच असतात आणि तार लाकडाला न लागता त्यांच्यावर ओढता येते, म्हणून एका पडद्यावर चार-पाच स्वरांची मींड निघते. मामांचं म्हणणं होतं की आपणही फ्रेटसाठी सगळ्यात उंच तार घालूया. १.४ मिमी उंचीची फ्रेटची तार, म्हणजे जिचे तुकडे कापून फ्रेट बसवतात ती, बाजारात मिळते. नुसतं बोलून हा प्रश्न सुटत नाही, म्हणून एका विद्यार्थ्याची तशा फ्रेटची गिटार मामांना तालमीसाठी दिली. मींड घेताना चेहरा खुलला. पण तालमीत गायिकेने मागे वळून विचारलं, "मामा, आज गिटार चढी का लागूल्या ओ?" खालच्या कॉर्ड जोरात दाबल्याने सरळ सरळ बेसूर होत होत्या. उंच फ्रेटवर हात हलका लागतो, आणि मामांचा हात तसा नव्हता.

या एका तालमीने जो निर्णय दिला तो माझ्या शंभर बोलण्यांनी झाला नसता. १.२ मिमी उंच आणि २.४ मिमी रुंद अशी फ्रेटची मधली तार ठरली. घासून पातळी केल्यावर ती १.१ च्या आसपास राहते. आधीच्या बुटक्या फ्रेटपेक्षा पकड चांगली, आणि दाबाला थोडी माफीही.

धातूवरून चर्चा झाली. मामांना स्टेनलेस हवं होतं, "एसएस तर आम्ही रोज कापतो की." ते गुळगुळीत राहतं आणि खूप टिकतं हे खरं. नेहमीची फ्रेटची तार जर्मन सिल्व्हरची असते. नावात चांदी असली तरी त्यात तांबं, निकेल आणि जस्तच असतं. ती लवकर झिजते, पण कानशीला ऐकते. हा वादक या गिटारवर मींडीच्या दृष्टीने पहिल्यांदाच बसत होता. काही महिने वाजवल्यावर दोन-चार फ्रेट पुन्हा किंचित उतरवावे लागतील अशी शक्यता धरूनच चालायला हवं होतं. म्हणून जर्मन सिल्व्हर.

गोलाईचा निर्णय सगळ्यात जड होता. पूर्ण बोर्ड १२ इंचांचा करायचा तर वरच्या टोकाला मधून पाऊण मिलिमीटरहून जास्त लाकूड जातं. नेक काढून टोकाकडून पाहिलं, तर शिसवीचा थर वाकवून चिकटवलेला आणि पातळ होता. एवढं लाकूड घालवणं धोक्याचं होतं. शिवाय खालच्या कॉर्डसाठी मामांना तीच गोलाई आवडायची. न वाकणाऱ्या अनामिकेला गोल बोर्डावर बारे धरणं, म्हणजे एकाच बोटाने बऱ्याच तारा दाबणं, सोपं जातं. मग खालचा भाग ७.२५ इंचांचाच ठेवून, बाराव्यापासून पुढे हळूहळू सपाट करत शेवटच्या फ्रेटपाशी ९.५ इंचांवर आणायचं ठरलं. त्यात टोकाला मधून साधारण अर्धा मिलिमीटर जाणार होतं, आणि त्याच घासण्यात चौदा-सोळाचा उंचवटाही निघणार होता. हातही राहतो आणि मींडही मोकळी होते, असा हा एकच मार्ग दिसला.

## गणपती की दिवाळी

मामांची इच्छा होती की गणपतीच्या आधी सगळं व्हावं. त्यांच्या धंद्याचा तो हंगाम. पण बेळगावची हवा ज्याला माहीत आहे त्याने पावसाळ्यात बोर्ड घासू नये असं माझं ठाम मत आहे. घाट जवळ आहे. जांबोटी-कणकुंबीकडून येणारी ओल चार महिने घरात मुरलेली असते, भिंतींनाही आणि लाकडालाही. ओलं लाकूड आडवं फुगतं. फुगलेल्या बोर्डावर पातळी साधली तर मार्चमध्ये, हवा कोरडी पडल्यावर, ती पातळी तीच राहत नाही. फ्रेटची टोकंही कडेने बाहेर येऊन तळव्याला टोचू लागतात.

म्हणून काम दोन भागांत केलं. गणपतीआधी फक्त परत फिरवता येईल असं: ट्रस रॉड कसून फट ०.३ मिमीवर आणली, चपटे माथे जमेल तेवढे गोल केले, पहिल्या तारेची उंची २.६ वरून १.९ वर उतरवली, आणि तारांचा संच १० ऐवजी ९ चा, म्हणजे पहिली तार ०.०१० ऐवजी ०.००९ इंच जाडीची, घातला. पातळ तारेने त्याच सुरासाठी पहिल्या तारेचा ताण जवळजवळ एक पंचमांशाने कमी होतो. मींडीसाठी तार तेवढीच लांब ढकलावी लागते, फक्त जोर कमी लागतो. बोटाचं ठणकणं पहिल्या आठवड्यातच कमी झालं. वरच्या मींडी अजून मरत होत्या, त्या मामांनी गणपतीत दुसऱ्या तारेवर, खालच्या सप्तकात घेऊन निभावल्या.

दिवाळीनंतर पाऊस पूर्ण हटल्यावर नेक सुटा करून कोरड्या खोलीत ठेवला. फट मोजत राहिलो. आकडा बदलायचा थांबला तेव्हा कामाला हात घातला.

## काम

जुना फ्रेट काढताना घाई केली की शिसव ढलप्या सोडतो. प्रत्येक फ्रेटवर सोल्डरिंगची गरम टोच फिरवायची, आतला जुना गोंद आणि लाकूड सैल होतं, शिसवीचा गोडसर जळका वास सुटतो, मग दातांशी सपाट घासलेल्या पक्कडीने एका टोकापासून कुरतडत जायचं. ओढायचं नाही, फक्त दाबत पुढे सरकायचं, फ्रेट आपोआप वर येतो. तरी दोन ठिकाणी ढलप्या उठल्या. त्या तिथेच परत बसवून पातळ सायनोअॅक्रिलेटने (झटपट धरणाऱ्या गोंदाने) चिकटवल्या.

बोर्ड घासायला गोलाईचा ठोकळा लागतो. तो मामांनी आपल्या ओळखीतून मिळवला. शेजारच्या शॉपमधल्या त्यांच्या कन्नड मित्राने अॅल्युमिनियमच्या तुकड्यात ९.५ इंचांची त्रिज्या व्हीएमसीवर (संगणकावर चालणाऱ्या मिलिंग यंत्रावर) कापून दिली, तीही अशी की टेम्प्लेट लावल्यावर उजेड दिसेना. उद्यमबागेचं गाव असल्याचा हा फायदा. बाराव्याच्या खालच्या भागाला टेप लावून झाकलं आणि वरचा भाग ठोकळ्यावर कागद लावून, मधूनमधून मोजत उतरवला.

फ्रेटची नवी तार बोर्डाच्या गोलाईपेक्षा थोडी जास्त वाकवून घ्यावी लागते, म्हणजे मध्य ठोकला की टोकं घट्ट बसतात. खाचेत तिची कंगोऱ्याची बाजू टेकवायची, आधी दोन्ही टोकं, मग मध्य. पितळी तोंडाच्या हातोडीचा आवाज सुरुवातीला बसका येतो. फ्रेट लाकडाला पूर्ण टेकला की तोच आवाज कोरडा, टणक होतो. ते ऐकूनच पुढच्या फ्रेटकडे जायचं. मामा शेजारी बसून होते. सातव्या फ्रेटला त्यांनी मला थांबवलं, "ह्याचा आवाज वेगळा हाय." पाहिलं तर एका टोकाखाली कागद जाईल एवढी फट होती.

त्यानंतर पातळी. ट्रस रॉडने नेक सरळ करून, माथ्यांवर शाई लावून, लांब सपाट पट्टीला कागद चिकटवून घासायचं. शाई सगळीकडून एकसारखी जाईपर्यंतच. सतराव्यापासून शेवटपर्यंत किंचित उतार ठेवला, म्हणजे वरच्या मींडीला पुढे अडथळा राहू नये. मग प्रत्येक माथा कानशीने पुन्हा गोल, मधे शाईची केसाएवढी रेघ शिल्लक ठेवून. ती रेघ म्हणजे साधलेली पातळी, ती पुसली की मेहनत वाया. शेवटी ४०० पासून २००० पर्यंतचे कागद आणि कापडाने चकाकी. पिकअप, म्हणजे तारांचं कंपन पकडणारे चुंबकी भाग, झाकून ठेवले होते, म्हणजे चुरा त्यांत जाऊ नये.

फ्रेट उंच झाल्यावर जुना नट, म्हणजे नेकच्या वरच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी, आपोआप बुटका ठरतो, खुल्या तारा पहिल्या फ्रेटला घासतात. नवा नट हाडाचा केला. हाड मिरजेहून, सतारमेकरांकडून आणलं. सतारी-तंबोरे घडवणारं ते गाव मिरज-लोंढा लाइनवर आपल्याला जवळ आहे, आणि हाड कापण्यात-घासण्यात तिथल्या लोकांचा हात बसलेला आहे. तार तिसऱ्या फ्रेटवर दाबली असता पहिल्या फ्रेटवर जेमतेम केस जाईल एवढी फट राहील, इतक्या खोल खाचा घेतल्या.

## काय साधलं

बाराव्या फ्रेटवर पहिली तार १.६ मिमी, सहावी १.८ मिमी. पहिल्या तारेवर एकोणिसाव्या फ्रेटपर्यंत पूर्ण स्वराची मींड मोकळी वाजते. दीड स्वराची सतराव्यापर्यंत. त्याच्या वर दीड स्वर नेला तर अजून गुदमरतो, पण मामा तिथे जात नाहीत.

कॉर्ड सुरुवातीला किंचित चढ्या येत होत्या. ९ च्या तारा आणि उंच फ्रेट हे दोन्ही एकदम हातात आल्यावर तसं होणारच. संच ९.५ चा केला, आणि मामांनी रोज थोडा वेळ ट्यूनरसमोर हलकं दाबायचा सराव धरला. फ्रेटच्या अगदी मागे बोट ठेवून, आवाज स्वच्छ येईल एवढंच दाबायचं. शिवजयंतीच्या कार्यक्रमांपर्यंत दहा सेंटांचं चढणं चार-पाचवर आलं होतं. अनामिका पूर्ण बरी झालेली नाही, ती होणारही नाही. लांब कार्यक्रमाच्या शेवटी ती आखडते. पण रात्रभर ठणकत नाही.

खर्च नवीन नेकच्या निम्म्याहून कमी आला. मेहनत मात्र नेक बदलण्याच्या कितीतरी पट.

## वेगळं काय करता आलं असतं

तारांचा संच. ९ च्या तारांनी बोटाला जो आराम पडला तो एकाही फ्रेटला हात न लावता पडला. कुणीही हात दुखतो म्हणून फ्रेटच्या कामाला आला, तर आधी महिनाभर हलक्या तारा लावून बघाव्यात असं या प्रकरणानंतर मी प्रत्येकाला सांगतो. फ्रेटची तक्रार किती आणि तारेची किती हे त्यात वेगळं होतं.

मोजणी बसून झाली. वादक स्टेजवर उभा असतो, गिटार पट्ट्यावर लोंबते, मनगट जास्त वाकतं आणि दाबही बदलतो. उभं राहून, नेहमीच्या पट्ट्यावर, दोन-तीन गाण्यांनंतर थकलेल्या हाताने मोजलं तर आकडा जास्त खरा मिळतो.

धातूबद्दल दोन्ही बाजूंनी बोलता येईल. सुरुवातीच्या महिन्यांत सोळाव्या आणि सतराव्या फ्रेटला दुसऱ्या तारेखाली थोडं उतरवावं लागलं, तेव्हा जर्मन सिल्व्हर असल्याने काम अर्ध्या तासात झालं. पण मींड घेणाऱ्याच्या हाताखाली हा धातू झपाट्याने झिजतो, आणि वर्षभरात माथ्यांवर बारीक रेषा दिसू लागल्या आहेत. हात आता ठरला आहे, उंची ठरली आहे. पुढच्या वेळी मामांचं एसएस घालायला माझी हरकत नाही. तेव्हा कानशी मात्र नव्या घ्याव्या लागतील.

एक निर्णय अजून लोंबकळतो आहे. या जुन्या पद्धतीच्या नेकला ट्रस रॉडचा नट बॉडीकडच्या टोकाला, आत दडलेला आहे. तो फिरवायचा तर प्रत्येक वेळी तारा सैल करून नेक उचलावा लागतो. बेळगावच्या हवेत वर्षातून दोनदा, जूनमध्ये आणि दिवाळीनंतर, हे करणं भाग आहे. पिकगार्डला (बॉडीच्या तोंडावरच्या पातळ पत्र्याला) तिथे छोटी खाच पाडली तर नेक न काढता चावी जाते. मी तसं सुचवलं आहे. मामांना गिटारच्या तोंडावर खाच नको आहे, त्यामुळे सध्या जूनची तारीख वहीत लिहून ठेवली आहे आणि फीलर गेजचा ०.२५ चा पाता त्यांनी आपल्या गिटारच्या पेटीत कायमचा ठेवला आहे. फट त्याहून वाढलेली दिसली की ते फोन करतात.